घोंग्या कड्याखालून

घोडेगाव, १२ फेब्रुवारी १९०६

शमा, दुवा.

हे पत्र शफी तुला वाचून दाखवणार, म्हणून त्यालाही सलाम. शफी, लिहिलंय तेवढंच आपाला वाचून दाखव. मधे पदरचं घालू नकोस.

तू गेलीस तेव्हा मी कचेरीत होतो. घरी आलो तर घागर भरलेली, चूल सारवलेली, भाकरी झाकून ठेवलेली. शेजारीण म्हणाली, जुन्नरची गाडी दुपारीच गेली. मागे धावत यावं म्हणून वहाणा घातल्या आणि परत काढल्या. आठव्या महिन्यातली बाई रागाच्या भरात गाडीत बसत नाही. ती ठरवून बसते. एवढं मला कळतं.

गेल्या चैत्रात मला झोळीत घालून घरी आणलं होतं. माझ्या मानेतून, कानातून, ओठांतून तू माश्यांच्या नांग्या उपटत बसली होतीस, आणि त्याच रात्री माझ्याकडून कबूल करून घेतलंस की देव्या काढायची, लस टोचायची ही नोकरी पुरे, आता जुन्नरला तुझ्या अब्बांच्या कागदाच्या कारखान्यात बसायचं. मी हो म्हटलं. तापात म्हटलं असलं तरी म्हटलं. आणि आता डोंगराच्या फेरीचा हुकूम आला तर तो घेतलाही. यात माझी बाजू मांडण्यासारखं काही नाही, म्हणून मांडत नाही.

पण तुझी भीती देवीची नाही, माश्यांची आहे. तेव्हा यंदाची फेरी मी कशी बांधली आहे तेवढं ऐक. गेल्या साली चूक झाली ती वेळेची. चैत्रात हिरडा फुलतो, आग्या माश्या कड्याकड्याला पोळी धरतात, आणि त्याच दिवसांत लोक शेतात पालापाचोळा पसरून राब भाजतात. तो धूर कपारीत शिरला की माशी चवताळते. यंदा मी शिमग्याच्या आत सगळा डोंगर उरकणार आहे. आता पांगारा नुकता फुलायला लागलाय. माशी आली आहे, पण थोडी, आणि सकाळच्या गारठ्यात ती हलत नाही. गवत वाळलंय, गोचिडी पात्याच्या टोकाला येऊन बसल्यात, म्हणून पायाला करंजाचं तेल लावून निघतो. लसीसाठी सोबत न्यायच्या रेडकाला गोमाशी छळते, त्याला कडुलिंबाच्या पाण्यानं धुतो. रानात मुक्काम पडला तर डासांसाठी घोंगडी आहेच.

आणि घोंग्या कड्याखालच्या नाळेनं, त्या अरुंद घळीतून, मी जाणारच नाही. उंबरपठारला आहुप्याकडच्या वळशानं जाईन. चाल जास्त पडते, पण त्या वाटेवर कडा नाही आणि माशीही नाही.

तेव्हा काळजी नको. उत्तर धाड.

मेहबूब


जुन्नर, १८ फेब्रुवारी

दुल्हेभाई, सलाम. खाली आहे ते सगळं आपाचं. मी फक्त बोरू धरला आहे. – शफी

पत्र पोचलं.

वळशाच्या वाटेनं उंबरपठारला पोचायला किती दिवस लागतात आणि रेडकाच्या पोटावरची लस किती दिवस जिवंत राहते, हे मला ठाऊक नाही असं वाटलं का तुम्हाला? तीन हिवाळे आपल्या परड्यात ती रेडकं कुणी धरली? तुम्ही पोटावर टोचायचात तेव्हा शिंगं कुणाच्या हातात असायची? फोड पिकून लस तयार झाली की ती दोन दिवसांत माणसाच्या दंडात गेली पाहिजे, हे तुम्हीच मला शिकवलंत. वळशानं पोचेपर्यंत ती मेलेली असेल. मग पठारावर जाऊन काय टोचणार, रेडकाचं दावं?

म्हणजे तुम्ही नाळेनंच जाणार. पत्र लिहिताना ठरलेलं होतं, तरी वळसा लिहिलात. खोटं लिहायचं असेल तर ते शफीला लिहा. त्याला पटतं.

(हे मी सांगितल्याप्रमाणे उतरवलं आहे. मला ते कबूल नाही. – शफी)

गेल्या साली झोळी दारात आली तेव्हा तुमचं तोंड मला ओळखू आलं नव्हतं. वहाणा बघून ओळखलं. तुम्ही म्हणता मला माश्यांची भीती वाटते. मला माश्यांची भीती नाही. मला झोळीची भीती वाटते.

माझी तब्येत बरी आहे. विचारली नाहीत म्हणून सांगते.

शमा


घोडेगाव, २४ फेब्रुवारी

शमा,

होय, नाळेनंच जायचं ठरलं होतं. आता तर वळशाचं नावही काढता येणार नाही असं झालंय.

काल संध्याकाळी सावळेराम आला. तुला आठवतो का? घोंग्या कड्याच्या पायथ्याला त्याची वस्ती आहे. गेल्या साली मला झोळीतून आणणाऱ्यांत पुढचा खांदा त्याचा होता. तो परड्यात येऊन उभा राहिला, बसेना.

“डॉक्टर, वर पठारावर देवी आलीया. दोन पोरं गेली. तिसरं कालपासनं डोळं उघडत न्हाई.”

मी म्हटलं, “गेल्या साली मी वर गेलो तर पठारावरच्यांनी दारं लावून घेतली. म्हणाले, टोचलं की आई कोपते. आता उघडतील?”

“उघडतील का न्हाई मला ठावं न्हाई. मला कुनी धाडलं न्हाई. माझं मी आलो. तुमी या, न्हाईतर नका येऊ.”

एवढं बोलून तो पाणी पिऊन निघालाच. मी त्याला थांबवलं आणि तिथंच दिवस ठरवला. रेडकाला मी आधीच टोचलं आहे. गुरुवारी फोड पिकतील. गुरुवारी सावळेरामच्या वस्तीवर मुक्काम, शुक्रवारी उजाडायच्या वेळेला नाळ चढायची, ऊन कड्यावर यायच्या आत माथा गाठायचा. विडी नाही, केसांना तेल नाही, अत्तर तर नाहीच. काळी घोंगडी खाली ठेवायची, कारण काळं आणि केसाळ दिसलं की माशी त्यावर तुटून पडते. सगळ्यांनी पांढरं नेसायचं.

हे सगळं ठरल्यावर सावळेरामनं परड्यातल्या रेडकाकडं बोट दाखवलं. “आन ह्येचं काय? ह्ये तर कोळशावानी काळं हाय.”

 मग घरातली मोठी पांढरी चादर काढली. कुठली ते तुला कळेल. ती त्याच्या पाठीवरून घेऊन पोटाखाली बांधायची. सोबत दावं ओढायला शिपाई मिळाला नाही, म्हणून रेडकू मीच ओढणार.

उद्या-परवा मोहरमचा चाँद दिसेल. जुन्नरात ताबूत बसतील. तू गर्दीत जाऊ नकोस. अब्बांना सांग, देवीची साथ डोंगरात आहे तशी ती बाजारातही उतरू शकते.

तब्येत कशी आहे? आता विचारतो.

मेहबूब


घोंग्या कड्याखाली, सावळेरामची वस्ती, १ मार्च

शमा,

हे चार शब्द सावळेरामच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. उद्या कुणी बाजाराला खाली गेलं तर टपालात पडतील.

वर बघितलं तर माझा सगळा हिशोब चुकलेला दिसतो. मी थोडी माशी म्हटली होती. यंदा पांगाऱ्याबरोबर काटेसावरही एकदमच फुलली आहे आणि कड्यावर पोळ्यांची रांग लागली आहे. खालून ती वाळत घातलेल्या ओल्या कांबळ्यांसारखी दिसतात. दुपारी ऊन आल्यावर त्यांच्यावरून एक लाट इकडून तिकडे जाते, मग पुन्हा सगळं काळं आणि गप्प.

सावळेराम म्हणाला, “मागं फिरायचं तर आत्ताच फिरा. उद्या मधल्या वळनावर फिरता यायचं न्हाई.”

“तू येणार नाहीस का?”

“मी येनार हाय. म्हनून तर सांगतो.”

मी रेडकाचं पोट तपासलं. फोड मोत्यासारखे भरले आहेत. इतकी चांगली लस मला या हिवाळ्यात मिळाली नव्हती.

तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. मला भीती वाटते आहे. कानाच्या मागे, तू जिथून नांगी काढलीस तिथं, आत्तापासून खाजतंय.

मेहबूब


उंबरपठार, ८ मार्च

शमा,

अक्षर वेडंवाकडं आहे. उजवा डोळा काल उघडला, डावा अजून मिटलेलाच आहे. बोटं आज जरा वळतात. मी जिवंत आहे हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

शुक्रवारी झुंजुमुंजू असताना आम्ही नाळेत शिरलो. पुढे सावळेराम, मधे मी, मागे चादर पांघरलेलं रेडकू. गारठा चांगला होता. दगडावर पाय घसरला तरी आम्ही हूं की चूं करत नव्हतो. रेडकूही कसं कोण जाणे शहाण्यासारखं चालत होतं. मधलं वळण ओलांडलं आणि पठाराची शीव दाखवणारा शेंदरी धोंडा मागे पडला, तेव्हा मला वाटलं, झालं, पोचलो.

तेवढ्यात वरून हलगी ऐकू आली.

सावळेराम जागच्या जागी थबकला. “आज शुक्रवार,” तो पुटपुटला. “देवीची पाटी सोडाया निघाल्यात.”

गावात देवी आली की ती पाटीत बसवून वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन ठेवायची, म्हणजे ती गाव सोडते, अशी तिकडची रीत आहे. हे मला माहीत होतं. पण त्या पाटीची वाट आणि माझी वाट एकच असेल, तीही त्याच सकाळी, हे माझ्या कुठल्याच बेतात नव्हतं. आणि पाटीपुढे धूप असतो.

ओरडून सांगावं तर ओरडण्यानंच माशी उठायची. सावळेराम दोन्ही हात हलवत वर पळाला. पण नाळ वाकडी आहे. त्याला ते दिसले तेव्हा ते अगदी समोर होते. डोक्यावर पाटी घेतलेला जानकू नावाचा म्हातारा, त्याच्यापुढे धुपाचं मडकं धरलेली त्याची सून गोजरबाई, आणि मागे हलगीवाले दोघे. मडक्यातला धूर भिंतीला धरून सरळ वर चढत होता.

आधी आवाज आला. तो मला शब्दात सांगता येत नाही. कडाच श्वास घेतोय असं वाटलं. मग एक पोळं जागेवरून उलगडलं.

हलगीवाले हलगी टाकून वर पळाले. सावळेराम एका कपारीत शिरून आम्हाला हाका मारत होता. गोजरबाईच्या हातून मडकं फुटलं आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून माझ्याच अंगावर येऊन आदळली. मी रेडकाच्या पोटाची गाठ सोडली, चादर ओढली, तिच्यावर टाकली आणि तिला खाली दाबलं. चादर दोघांना पुरत नव्हती. माझं डोकं आणि हात बाहेर राहिले.

जानकू मात्र उभाच होता. मी ओरडलो, “बाबा, पाटी टाका! खाली बसा!”

तो म्हणाला, “शिवेच्या आत आईला ठेवता यायची न्हाई.”

हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. आणि चालत राहिला. त्याच्या तोंडावर, मानेवर माश्यांचा थर बसला होता, दोन्ही हात पाटीला होते, त्यानं एकही माशी झटकली नाही. आमच्या शेजारून तो खाली गेला. शेंदरी धोंड्यापलीकडे त्यानं पाटी नीट उतरवली, तिला हात जोडले, आणि मग पडला.

आम्ही वाचलो ते रेडकामुळे. चादर निघाली तसं ते काळं जनावर मोकळं होऊन खाली उधळलं आणि सगळं मोहोळ त्याच्यामागे गेलं. वळणावर ते कोसळलं. त्याचा आवाज थांबेपर्यंत आम्ही हललो नाही.

चादरीखाली मला तू आठवलीस असं लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं तुला. पण तेव्हा मला कुणीच आठवलं नाही. आठवण आली ती नंतर, सावळेराम कपारीतून निघून मला ओढून न्यायला आला तेव्हा. मी त्याला म्हटलं, मला वर नको, खाली ने. रेडकापाशी.

“येडं झालाय का तुमी? मेलंय त्ये.”

“आत्ताच मेलंय. लस जिवंत आहे.”

आम्ही सरपटत गेलो. माश्या अजून भोवती घोंगावत होत्या, पण विखरून. माझा एक डोळा मिटला होता, दुसरा मिटत चालला होता. रेडकाचं पोट अजून कोमट होतं. मी चाकूनं फोड खरवडले आणि काचेच्या नळ्यांत भरले. शेवटची नळी भरली तेव्हा मला नळीचं तोंड दिसत नव्हतं. सावळेराम “उजवीकडं, अजून उजवीकडं” सांगत होता.

वर पोचलो तेव्हा पुढची गोष्ट सुरू झाली. जानकूला गावानं वर आणलं होतं. त्याच्या अंगणात सगळं पठार जमलं होतं. मला काही दिसत नव्हतं, नुसते आवाज. एक जण म्हणाला, “ह्यो वर आला म्हनून आई कोपली.” दुसरा म्हणाला, “ह्येला खाली लोटा.” कुणीतरी माझ्या खांद्याला धरलं. सावळेराम मधे पडला तर त्यालाही ढकललं. नाळेत वाटली नाही तेवढी भीती मला तिथं वाटली, कारण नाळेत दिसत तरी होतं.

मग गोजरबाई बोलली. तिच्याही हातांना डंख होते. आवाज रडून बसलेला होता.

“मेला त्यो माझा सासरा. माती माझ्या घरची हाय. ह्या मान्सानं चादर माझ्यावर टाकली, सवतावर न्हाई. धूप मी धरला व्हता. लोटायचं तर मला लोटा.”

माझ्या खांद्यावरचा हात सुटला. ती माझ्यापाशी येऊन बसली. “आई शिवेबाहीर गेली,” ती म्हणाली. “मामंजींनी न्हेली. आता पोरास्नी टोचलं तर ती कशी कोपंल? ती हितं हाय कुठं?”

 असं बोलणं मला सुचलं नसतं.

“माझ्या नातीपासनं सुरू करा,” ती म्हणाली.

पण माझी बोटं केळ्यांसारखी सुजली होती. सुई धरता येईना. तिनं ती माझ्या हातातून घेतली. गोजरबाई आसपासच्या वाड्यांतल्या बायकांना गोंदते. “गोंदायाची सुई मी धरती,” ती म्हणाली. “कितपत खोल जायाचं त्येवढं सांगा.” मी सांगितलं, रक्त काढायचं नाही, नुसती कातडी खरवडायची आणि लस चोळायची. पहिल्या दोन पोरांना तिनं फार खोल टोचलं, मी ओरडलो, तीही माझ्यावर ओरडली. मग जमलं. मी पोराचा दंड चाचपून जागा दाखवायचो, ती टोचायची. सरकारच्या माणसाला दार न उघडणारे लोक तिच्यापुढे पोरं आणून बसवत होते. काही जण नाही आले ते नाहीच आले.

सावळेराम सांगत होता ते तिसरं पोर वाचलं नाही. आणखी एकाला फोड आले आहेत. ज्यांना टोचलं त्यांच्या दंडावर मात्र आता लस धरली आहे. मी बोटांनी एकेक तपासलं.

जानकूला मूठमाती दिली तेव्हा मला तिथं नेलं होतं. काय करायचं ते कळेना, म्हणून हात वर करून दुवा मागितली. कुणी अडवलं नाही.

मी नोकरी सोडतो असं तुला लिहायचं मनात होतं. एका कागदावर लिहिलंही, मग फाडलं. आत्ता तुला वाटेल ते कबूल करीन मी, आणि बरा झालो की पुन्हा हुकूम घेईन. तापातलं कबूल करणं आपण एकदा बघितलं आहे.

सावळेराम उद्या हे पत्र खाली नेईल. तोही नाळेनं जाणार नाही, वळशानं जाणार आहे.

मेहबूब


घोडेगाव, १६ मार्च

शमा,

काल घरी पोचलो. डावा डोळा उघडला, पण समोरचं धुरकट दिसतं. कचेरीतले म्हणतात, निवळेल.

मला वाटलं होतं तुझं पत्र येऊन पडलेलं असेल. नव्हतं. टपालात दोनदा विचारलं. पठारावरून धाडलेलं तुला मिळालं नाही, की मिळालं आणि उत्तर द्यायचं नाही, की तुझंच काही बरंवाईट झालंय आणि ते मला कुणी कळवत नाही? यातलं तिसरं मनात आलं की मी उठून दारापर्यंत जातो.

शफी, आपा बोलत नसेल तर तू लिही. एक ओळ लिही. शिव्या लिही.

मी स्वतःच जुन्नरला निघालो असतो. परवा निघतोच आहे. पण अब्बांच्या दारात उभं राहून मी काय सांगू तेच कळत नाही. नोकरी सोडली म्हणालो तर ते खोटं, सोडत नाही म्हणालो तर ते दार लावतील. दोन्ही डोळे मिटले होते तेव्हा एवढं अडलं नव्हतं.

मेहबूब


कळंब, १६ मार्च

दुल्हेभाई, सलाम. बोरू माझा, बोल आपाचे. ती पडून सांगते आहे, मधे थांबते, म्हणून शाई ओघळली आहे. – शफी

हे पत्र कळंबहून आलेलं पाहून तुम्ही चकित व्हाल. मी जुन्नरात नाही. मी निघाले त्या दिवसापासून तुम्ही तिकडे जी काही पत्रं धाडली असतील ती अब्बांच्या घरी न उघडता पडली असतील, कारण ती वाचणारा शफी इथं माझ्यापाशी आहे. त्यांत काय लिहिलंय मला माहीत नाही. चांगलं काही लिहिलं असेल तर पुन्हा लिहावं लागेल.

ताबूत उठायच्या आदल्या दिवशी हिरड्याचा एक व्यापारी जुन्नरच्या बाजारात सांगत होता, घोंग्या कड्याखाली माश्यांनी माणूस मारला, घोडेगावचा देवी-डॉक्टर होता म्हणतात. ते ऐकून शफी धावत घरी आला. त्याचं तोंड बघूनच मला कळलं. अब्बा म्हणाले, खात्री करू, माणूस धाडू, तू या अंगानं हलायचं नाहीस. मी म्हटलं, गाडी जोडता की चालत जाऊ? ते गाडी जोडेनात. मी चालायला लागले. नदीच्या उतारावर शफीनं मागून भाड्याची गाडी आणली.

(ती खरंच चालत होती. सगळा बाजार बघत होता. – शफी)

नारायणगाव गेलं तेव्हा पोटात कळ आली. मी बोलले नाही, नाहीतर शफीनं गाडी वळवली असती. कळंबच्या अलीकडे बोलल्यावाचून राहवेना. रस्त्याच्या कडेला पहिलं घर दिसलं त्यापुढे शफीनं गाडी उभी केली. घर सोनीबाई नावाच्या एका विधवेचं. ती शेणाचे हात घेऊनच बाहेर आली, मला बघितलं आणि शफीला म्हणाली, “पावणं, तुमी भायेर बसा. आन पानी तापवाया लाकडं फोडा.” आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. ते तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते, म्हणून बारीक आहे. पण रडते मोठ्यानं. मला मात्र ताप भरला. शफी चार दिवस मला सोडून हलला नाही. माझी शुद्ध जायची तेव्हा मी झोळी झोळी म्हणत होते असं सोनीबाई सांगते. ताप उतरल्यावर मी शफीला घोडेगावला धाडलं, तुमची माती कुठं दिली ते बघून ये म्हणून. तो वाटेतच घोडेगावच्या एका गाडीवानाकडून खबर घेऊन परत आला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, “आपा, दुसराच कुणी तरी मेला! दुल्हेभाई पठारावर आहेत, डोळे सुजलेत, पोरांना टोचतायत!”

मला हसू आलं, मग त्या दुसऱ्याच्या घरच्यांची आठवण झाली आणि हसल्याची लाज वाटली. कोण होता तो? त्याला पोरंबाळं होती का? मला सांगा.

आता नीट ऐका. शफी म्हणतो, आपा, तू त्यांच्याकडे निघालीस म्हणजे राग गेला असं लिहू का? तसं नाही. मी तुमच्याकडे परत निघाले नव्हते. मी मातीला निघाले होते. मेलेल्या माणसावरचा राग मी जुन्नरातच ठेवून आले होते. तुम्ही जिवंत निघालात, तेव्हा तो आता परत मागवावा लागेल आणि भांडण पहिल्यापासून करावं लागेल. नोकरीचं काय, माश्यांचं काय, वळशाची वाट म्हणून खोटं लिहिलंत त्याचं काय, सगळं. ते पत्रातून व्हायचं नाही. शफी गाळून लिहितो.

मुलीचं नाव ठेवलेलं नाही. अब्बांचा निरोप आला आहे की नाव ते सांगतील. मी कळवलं, बापानं तोंड बघितल्याशिवाय नाव नाही.

सोनीबाई म्हणते, बाळंतिणीला गाडीत इतक्यात बसवायचं नाही. तेव्हा मी येऊ शकत नाही. तुम्हाला दिसत असेल तर चालत या, नसेल तर कुणाचा तरी हात धरून या.

शमा